भोईवाड्यातलं गाव

लालबाग
१५ जून २०२५

दादा,

पत्र बघून दचकू नकोस. आई ठीक आहे. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहिते आहे. खोली एकच. मी जे बोलते ते आई ऐकते, आणि मग दोन तास विचारत बसते, कोण आजारी आहे, कोणाला कुठे ठेवायचं चाललंय. गॅलरीत जाऊन बोलावं तर मागून येते. तुला रेंज मिळते ती विहिरीपाशी उभं राहून, आणि तिथे तू ओरडून बोलतोस.

शेजारची रमाबाई गणपतीआधी मुलाकडे विरारला जाते आहे, कायमची. चार वर्षं मी शाळेत असताना आईला तिनेच बघितलं. उद्या शाळा सुरू होते. शाळेच्या ऑफिसात मी एकटीच क्लार्क आहे आणि निवृत्तीला माझी अजून दोन वर्षं राहिली आहेत.

तू मे महिन्यात दोन दिवस आलास तेव्हा आई चांगली वागली. पाहुणा आला की ती चांगली वागते. एरवीचं सांगते. गॅसचा रेग्युलेटर काढून मी पर्समधून शाळेत नेते. संडास गॅलरीच्या टोकाला आहे हे तिला आठवत नाही, म्हणून ती कुणाच्याही दारात शिरते. लोक अजून काही बोलत नाहीत, पण दारं लावून घेतात. गेल्या गणपतीत मी तुला सांगितलं होतं की ती थोडा वेळ सापडत नव्हती. थोडा वेळ नाही. दर्शनाच्या रांगेत शिरली आणि पाच तास रांगेबरोबर चालत राहिली. ती हरवली आहे हे कुणाला कळलं नाही, कारण सगळेच चालत होते.

यंदा गणपतीत रमाबाई नसेल.

स्मृतिभ्रंशाच्या माणसांना कायमचं ठेवून घेणाऱ्या संस्था आहेत. मी बघायला जाणार आहे. फॉर्मवर सगळ्या मुलांच्या सह्या लागतात. म्हणून तुझं मत कळव.

वहिनीची कंबर कशी आहे?

बकुळा


वरची वाडी, कणकवली
२४ जून २०२५

चि. बकुळ, आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोस्टमनने दोनदा विचारलं, मुंबईचं पत्र, सगळं बरं ना? मी बरं म्हटलं.

आपल्या घरात असं कोणी केलेलं नाही. आजीला शेवटची तीन वर्षं काही कळत नव्हतं. ओट्यावर बसवली की बसायची. घरात माणसं होती, हे मला मान्य आहे.

आईला इथे आण म्हणणार होतो. पण सुभद्रा काठीशिवाय चालत नाही, आणि मी दिवसभर बागेत. तू दिवसाची बाई ठेव. माझा वाटा मी देईन.

काल देवळाच्या मीटिंगला वाडीतल्या निलेशने विचारलं, काकी गणपतीला येणार ना? मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होतो. संस्थेत ठेवली असं वाडीत सांगायचं तर मला मीटिंगला जाणं सोडावं लागेल.

आणखी एक, रागावू नकोस. चाळ पाडणार असं ऐकतो. खोली आईच्या नावावर आहे. मग हे सगळं आत्ताच का?

अशा जागांत म्हाताऱ्यांना बांधून ठेवतात. मी टीव्हीवर पाहिलं आहे.

आनंदा


लालबाग
६ जुलै २०२५

दादा,

खोलीचं विचारलंस ते बरं केलंस. मनात ठेवलं असतंस तर जास्त वाईट झालं असतं. दहा बाय बाराची खोली आहे, तू त्यात वाढलास. तिच्यानंतर तुझं नाव लावायचं तर लाव. मी सही देईन. मला झोप हवी आहे.

बाई ठेवून झाली. मार्चमध्ये. तुला सांगितलं नव्हतं. आईने तिला चोर ठरवली आणि गॅलरीत उभं राहून सगळी चाळ गोळा केली. बाई तिसऱ्या दिवशी गेली. तिचं चुकलं नाही.

दोन जागा बघितल्या.

पहिली माटुंग्याला. लिफ्ट, माशांची पेटी, रिसेप्शनला मुलगी. म्हाताऱ्या गोल करून बसल्या होत्या आणि एक बाई त्यांच्याकडे रबरी चेंडू टाकत होती. एकीने चेंडू मांडीत धरून ठेवला. सोडेना. तो तिच्या हातातून काढून घेतला आणि पुढचीकडे टाकला. सगळ्यांचे केस कानापर्यंत कापलेले. साडी चालत नाही, गाऊन. मी विचारलं, बांधता का? तिथल्या मॅनेजरबाई म्हणाल्या, आमच्याकडे असं काहीच होत नाही. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाल्या.

दुसरी पनवेलच्या पुढे. बाग आहे, मोठं फाटक आहे. महिन्यातून एक रविवार भेट. मी चहा घेतला नाही, बायकांची नखं बघत बसले. वाढलेली, आत काळी. मला आता नखंच दिसतात. गेल्या वर्षी मे महिन्यात आई तीन आठवडे तुझ्याकडे राहून आली तेव्हा तिची नखं मुळापासून तुटलेली होती. काजू फोडत होती म्हणालास. तेव्हापासून ही सवय लागली.

एक जागा अजून राहिली आहे.

बकुळा


वरची वाडी
१५ जुलै २०२५

चि. बकुळ,

लांबची जागा नको. तुला रोज जाता आलं पाहिजे. केस कापायचे नाहीत.

बाकी तू बघ. सही करायला मी येईन.

काजूचं तू अजून धरून आहेस.

आनंदा


लालबाग
२७ जुलै २०२५

दादा,

तिसरी जागा भोईवाड्यात निघाली. आपल्याकडून चालत पंधरा मिनिटं. इतकी जवळ की मी आधी बघितलीच नाही. कोर्टाच्या मागच्या गल्लीत, जुन्या इमारतीचा पहिला मजला. बारा बायका. मीनाक्षी सिस्टर म्हणून आहेत, मोठ्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या. त्या स्वतः तिथेच राहतात.

भिंतींचा रंग उडाला आहे. फिनेलचा वास येतो आणि त्याच्याखाली दुसरा वासही येतो. मी जेवणाच्या वेळेला न सांगता गेले. एक मदतनीस एका आजींना भरवत होती, आणि दुसऱ्या घासाआधी पहिला गिळायची वाट बघत होती. तेवढं बघून मी बसले.

बांधता का, विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "कधी कधी बांधतो. मऊ पट्टा असतो. कधीच बांधत नाही म्हणणाऱ्या जागी मी तुम्हाला जाऊ नका म्हणेन." मग वही दाखवली. कोणाला बांधलं, किती वाजता, कशासाठी, कधी सोडलं, सोडणाऱ्याची सही. एका पानावर दोन दहा ते दोन चाळीस असं होतं. कारण, सलाईन उपसत होत्या. पुढची नोंद सहा दिवसांनी.

मग त्यांनी मला विचारलं. आई कशावर झोपते. जेवताना कोण समोर लागतं. कशाला घाबरते. मी म्हटलं, बाहेरून कडी लागली की घाबरते, थरथरते. कधीपासून? मी म्हटलं, वर्ष झालं. गेल्या वर्षीच्या मेपासून असेल.

त्यांनी ते लिहून घेतलं. मी दोनदा वाचलं.

केस ठेवतील, मी जाऊन विंचरणार असेन तर. साडी चालेल. खिडकीशेजारची खाट वीस ऑगस्टला मोकळी होते. खिडकीतून मागच्या आवारातलं आंब्याचं झाड दिसतं, बाकी काही दिसत नाही. दहा ऑगस्टपर्यंत कळवायचं आहे.

बकुळा


वरची वाडी
४ ऑगस्ट २०२५

चि. बकुळ,

काजू नव्हते.

सुभद्राचं कंबरेचं ऑपरेशन कणकवलीला झालं तेव्हाची गोष्ट. टाके काढायला तिला न्यायचं होतं. आई त्या आठवड्यात दोनदा विहिरीपाशी गेली होती. शेजारी लग्नाला गेलेले. मी आईला मागच्या खोलीत बसवली, पाणी ठेवलं आणि बाहेरून कडी लावली. तासाभरात येतो म्हटलं. बाराला गेलो. डॉक्टर उशिरा आले. परत आलो तेव्हा साडेचार झाले होते.

दार उघडलं तर ती दाराशीच बसलेली. मला म्हणाली, "भाऊ, माका घराक जावंदे." मला भाऊ म्हणाली. ओळखलं नाही.

मी तिचे हात धुतले. दारावरचे ओरखडे दुसऱ्या दिवशी रंधा मारून काढले. सुभद्राला सांगितलं नाही. बांधतात असं मी तुला लिहिलं तेव्हा टीव्ही आठवत नव्हता.

तिला इथे का आणत नाही ते आता तुला कळलं. सुभद्राची कंबर हे कारण आहे, पण पहिलं नाही.

भोईवाडा ठरव. मी २१ ला येतो. तिला संस्था वगैरे सांगू नकोस. गणपतीला गावी चाललो सांग. आपली माणसं गाव म्हटलं की उठून बसतात. पंधरा मिनिटांत पोचलो तर तिला कळेल, म्हणून टॅक्सी थोडी फिरवून नेऊ.

आनंदा


लालबाग
१४ सप्टेंबर २०२५

दादा,

तू इथे होतास त्या दोन दिवसांत आपण कडीबद्दल बोललो नाही. बोलावं असं मला दोनदा वाटलं. तू कपाट आवरत राहिलास.

आता लिहिते. मार्चमध्ये बाई सोडून गेली त्या संध्याकाळी मी आईला मारलं. तोंडावर. तिने गाल धरला आणि विचारलं, मास्तरीणबाई, मी काय केलं? तेव्हा मला तुझ्याबद्दल काही म्हणता येणार नाही.

आता दुसरं. ते जास्त महत्त्वाचं आहे.

वरळी, माहीम, शीव, वडाळा, दोन तास टॅक्सी फिरवलीस. आई झोपली, आणि भोईवाड्याच्या दारात तू तिला उठवून गाव आलं म्हणालास. तिला ते पटलं. फार चांगलं पटलं. खिडकीतलं झाड बघून म्हणाली, यंदा मोहर उशिरा येणार. सिस्टरांना ती वैनी म्हणते. मदतनीस मुलींना केळीची पानं कापून आणायला सांगते. पहिले पंधरा दिवस मी रोज शाळा सुटल्यावर गेले आणि घरी येऊन झोपले. मला वाटलं, झालं.

सहा तारखेला विसर्जन. ढोल तिथपर्यंत ऐकू येत होते. गावात यंदा ढोल फार, एवढंच म्हणाली.

सात तारखेला सकाळी तिने गाठोडं बांधलं. दोन पातळं, फणी, सिस्टरांचा टॉवेल, बिस्किटाचा पुडा. ते घेऊन दाराशी बसली. "गणपती झाले मां. आता मुंबयक जावया. खोली बंद आसा." सिस्टर म्हणाल्या, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आज आठवा दिवस.

आणि ती जेवत नाही. दिवसभरात कपभर दूध आणि साखरपाणी, तेवढंच. तुला आठवत असेल, प्रवासाच्या दिवशी ती कधी जेवायची नाही. गाडी लागते म्हणून. एसटीने निघायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाण्यावर. आता तिचा रोजच निघायचा दिवस आहे. ताट आणलं की म्हणते, पोचल्यावर जेवते. अडीच किलो वजन उतरलंय. असंच चाललं तर पंधरा-वीस दिवसांत हॉस्पिटलात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल असं सिस्टर म्हणाल्या. नळी घातली की ती उपसणार. उपसली की बांधणार.

आपण चुकीचं ठिकाण सांगितलं, दादा. शाळा उघडायच्या आत आपण परत यायचो. बाबांची सुट्टी संपायची. तिला गिरणीच्या वाइंडिंग खात्यात हजर व्हायचं असायचं. गावाला गेलं की परत यायचं असतं, हे आपल्याला सोडून आणखी कुणाला माहीत असणार होतं?

बकुळा


वरची वाडी
२० सप्टेंबर २०२५

चि. बकुळ,

पत्र काल मिळालं. सुभद्राला वाचून दाखवलं. कडीचंही सांगितलं. तिने काल माझं ताट वाढलं नाही. आज वाढलं.

गाव सांग म्हणणारा मी. पस्तीस वर्षं मी मुंबईत नोकरी केली आणि रोज गाव आठवलं. रिटायर झालो त्या महिन्यात इकडे आलो. मला वाटलं, सगळ्यांचं असंच असतं, तिचंही. आता आठवतं. गावाला आली की चौथ्या दिवसापासून ती परतीचं तिकीट झालं का विचारायची. मी समजायचो बाबांच्या नोकरीसाठी विचारते. बाबा गेल्यावरही विचारायची. तेव्हा मी समजायचो तुझ्यासाठी. ती एकोणीस वर्षांची लालबागला आली ती तिलाच मुंबई हवी होती म्हणून आली असेल, असं माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

तिला खरं सांगून बघ. भोईवाडा आहे म्हणून सांग.

ते जमलं नाही तर तिला खोलीवर आण. मी मुंबईला येऊन राहतो. सुभद्रा मुलीकडे जायला तयार आहे. दिवसा मी बघेन, कडी न लावता. हे विचार करून लिहितो आहे. नळी घालू देऊ नकोस.

आनंदा


लालबाग
५ ऑक्टोबर २०२५

दादा,

येऊन राहतो म्हणालास. ते पत्र मी शाळेत डब्याच्या वेळेत वाचलं आणि उरलेला डबा तसाच बंद केला. दोन दिवस माझं ठरत नव्हतं. तू आला असतास हे मला माहीत आहे. पण तू चौसष्टचा, ती चौऱ्याऐंशीची, खोली तीच, संडास गॅलरीच्या त्याच टोकाला. डिसेंबरपर्यंत तू तिला मारलं असतंस, नाहीतर मी. येऊ नकोस.

खरं सांगून बघितलं. आई, हा भोईवाडा आहे, लालबाग इथून पलीकडे. ती हसली. "मस्करी करतंस?" तिने मला खिडकीतलं झाड दाखवलं. तू दोन तास फिरवून जे पटवलंस ते एका वाक्यात कसं निघणार.

नळीची तारीख शुक्रवार ठरली होती. गुरुवारी दसरा, शाळेला सुट्टी. मी सिस्टरांना म्हटलं, मला तिला दोन तास बाहेर न्यायचं आहे. कुठे? मी म्हटलं, मुंबईला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग एका मुलीला आईला चपला घालायला सांगितलं. मला म्हणाल्या, पाणी जवळ ठेवा, आणि चक्कर आली तर लगेच परत या.

गाठोडं तयारच होतं. सगळ्या बायकांचा निरोप घेतला तिने. सिस्टरांना म्हणाली, वैनी, मेमध्ये येतो.

टॅक्सीवाल्याला मी आधी वडाळ्याकडे घ्यायला सांगितलं, मग शीव, मग आंबेडकर रोडने खाली. शीवपर्यंत ती बाहेरच बघत होती. गाठोड्यावर दोन्ही हात. या खेपेला झोपली नाही. हिंदमाताचा नाका ती ओळखणार नाही असं मला वाटत होतं, एवढे पूल झालेत. ती दादरलाच उठून बसली. झेंडूचे ढीग होते रस्त्यात, गाडी हलत नव्हती. "दादर इला," म्हणाली, आणि निऱ्या सारख्या केल्या. परळला तिने गाठोडं सोडलं, बिस्किटाचा पुडा काढला आणि खायला लागली. एक मला दिलं, एक टॅक्सीवाल्याला दिलं. त्याने घेतलं. पुलाखाली गाडी थांबली होती तेवढ्यात तिने चार बिस्किटं खाल्ली. मी मोजली.

भोईवाड्याच्या गल्लीत वळल्यावर मला भीती वाटली. तोच जिना. वर आल्यावर तिने सगळीकडे बघितलं. म्हणाली, "ही आपली खोली न्हय."

आता काय सांगायचं हे मी टॅक्सीत ठरवलं नव्हतं. दुरुस्ती काढली आहे म्हणता आलं असतं. पाहुण्यांची खोली म्हणता आलं असतं. तेवढी ताकद नव्हती माझ्यात. मी म्हटलं, "नाही. आपली खोली लालबागला आहे. तिथे मी राहते. मी कामाला जाते तेव्हा तुझ्याजवळ कोणी नसतं, म्हणून तू आता इथे राहायचंस."

तिने गाठोडं खाली ठेवलं. मग विचारलं, "पण मुंबयच मां?"

"मुंबईच."

"पक्की?"

मी तिला जिन्याच्या खिडकीशी नेलं. तिथून गल्ली दिसते, गावासारखी एकही रिक्षा नाही, सगळ्या काळ्यापिवळ्या टॅक्सी, समोर कोर्टाची भिंत. तिने बघितलं. मग आत जाऊन हात धुतले आणि ताटाशी बसली. भात दोनदा घेतला. सिस्टर लांब उभ्या राहून बघत होत्या. शुक्रवारची नळी रद्द केली.

जेवताना तिने तुझं विचारलं. "आनंदा खंय?" मी म्हटलं, गावाला. ती म्हणाली, "रवांदे तेका. तेका थंय बरा वाटता."

तिला तू नीट आठवत होतास. ते तुला कळवायचं होतं.

मला सुटल्यासारखं वाटत नाही. संध्याकाळी मी निघाले तेव्हा तिने जाऊ नकोस म्हटलं. आत्तापर्यंत म्हणत नव्हती, कारण मला ती गावातली कोणीतरी समजत होती. आता तिला माहीत आहे की मी लालबागला जाते आणि तिला नेत नाही. काल आणि आजही म्हणाली. पण जेवते आहे. गाठोडं बांधलेलं नाही. पुन्हा बांधेल, नाही असं नाही.

दिवाळीत ये, वहिनीला घेऊन. काय सांगायचं ते आधी ठरवून येऊ नकोस. दारात उभा राहिलास की गावाहून आलो म्हण. तेवढं खरं आहे.

बकुळा